चिमट्याची बरणी

१८ जुलै, गुरुवार. सकाळी हातात काम होतं ते आमच्या म्हैसूरच्या हॉस्पिटलात स्त्रियांच्या हाडांच्या वॉर्डातल्या नळांच्या जाळ्या काढायचं. नळाच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिच्यात गाळ साचतो आणि त्या गाळात जंतू मजेत राहतात. प्लंबरची वाट पाहिली असती तर दुपार झाली असती, म्हणून मी घरून स्वयंपाकघरातली सांडशी आणली होती. एकेक जाळी काढायची, काडीला गुंडाळलेला निर्जंतुक कापूस आतून फिरवायचा, तो काचेच्या नळीत घालून बूच लावायचं आणि नळीवर नळाची जागा लिहायची. खिडकीजवळच्या खाटेवरची म्हातारी बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"येन् मॅडम, काय हो हे? पगार पुरत नाही काय? नळ काढून न्यायला लागलात."

"पगार नाहीच पुरत," मी म्हटलं. "पण नळ नाही नेत. नळातली घाण नेते."

"घाण कोण विकत घेतो हो?"

सगळा वॉर्ड हसला. हसू दे म्हटलं. त्या वॉर्डात त्या दिवसांत हसण्यासारखं फारसं काही नव्हतं.

करोनाच्या आधीची ही गोष्ट. मी नर्सच, पण माझी नेमणूक होती ती रोग्यांना हॉस्पिटलातच जे नवे आजार चिकटतात ते आटोक्यात ठेवण्यासाठी. माणूस मोडलेला हात घेऊन येतो आणि पिकलेली जखम घेऊन घरी जातो, असं होऊ नये हे बघायचं. या कामाला कुणी फारसा मान देत नसे. मी दारात दिसले की डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे उगाचच बेसिनकडे वळायचे. माझ्यामागे मला 'कैतोळी मॅडम' म्हणत. कन्नडमध्ये कै तोळी म्हणजे हात धू. नाव वाईट नव्हतं. निदान ते घेताना तरी लोकांना हात आठवायचे.

नळांच्या मागे लागायचं कारण असं, की त्या वॉर्डात ऑपरेशन झालेल्या काही बायकांच्या जखमा एकापाठोपाठ एक पाझरायला लागल्या होत्या. गॉजवर हिरवट डाग, आणि एक गोडसर, पिकून गेलेल्या फळासारखा वास. हा वास एकदा नाकात बसला की पुन्हा ओळखायला लॅब लागत नाही. तरी लॅबनं सांगितलंच. सगळ्या जखमांत एकच जंतू होता, ओलीत राहणारा. त्याला पाणी मिळालं की पुरे. बेसिन, नळ, बादली, फुलदाणी, काहीही चालतं.

आणि त्या बायकांपैकी एक माझी मोठी जाऊ होती.

तिला मी अक्का म्हणते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या ब्लाउजच्या बाह्या उसवून "हे कुठल्या गाढवानं शिवलं?" असं विचारून तिनं माझं स्वागत केलं होतं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठी चालते, पण म्हैसूरची मराठी ती. वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं. अक्काचं तर रागावणं सगळं कन्नडमध्ये आणि मोजमाप सगळं मराठीत. ती विजयनगर भागात घरीच शिवणकाम करते. पायानं चालवायचं जुनं मशीन आहे. अर्ध्या विजयनगरच्या बायका तिच्याकडे ब्लाउज टाकतात आणि दसऱ्याच्या आधी तिच्या दारात भांडतात. पावसात दळणाच्या गिरणीच्या पायरीवरून ती घसरली आणि उजव्या पायाची नडगी मोडली. उजवा पाय, म्हणजे मशीनचा पायटा दाबायचा पाय. "आमच्याकडेच आण, मी आहे ना," असं तिच्या नवऱ्याला, भावजींना, मी सांगितलं. प्लेट बसवली, ऑपरेशन चांगलं झालं, टाकेही सुबक पडले. अक्कानं स्वतः टाके बघून पसंती दिली. मग काही दिवसांनी गॉज ओलं व्हायला लागलं.

हाडांच्या मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं. जखम पुन्हा उघडून आतून स्वच्छ धुवावी लागणार. तेवढ्यानं भागलं तर प्लेट राहील. नाही भागलं तर प्लेट काढायची, बाहेरून लोखंडी चौकट लावायची, आणि मग हाड कसं जुळेल, पाय किती वाकेल, कुणी सांगू शकत नाही.

"मग उद्याच धुऊ या," मी म्हटलं.

"आणि परत याच वॉर्डात आणून याच ट्रॉलीवरून ड्रेसिंग करायचं? घाण पाण्यात धुतलेलं लुगडं परत त्याच पाण्यात बुडवल्यासारखं होईल, सिस्टर. हे कुठून येतंय ते आधी शोधा. तोपर्यंत औषधांवर ठेवतो. पण फार थांबता येणार नाही."

म्हणजे अक्काचा पाय माझ्या शोधण्यावर येऊन थांबला होता. डॉक्टरांनी मुद्दाम तसं म्हटलं नाही, पण अर्थ तोच होता.

शोधायला मदत करणारे पुष्कळ होते. प्रत्येकाकडे स्वतःचा चोर होता. डॉक्टरांचा चोर म्हणजे भेटायला येणारे लोक. आषाढ चालू होता. दर शुक्रवारी लोक देवीचं दर्शन घेऊन चामुंडीच्या डोंगरावरून थेट वॉर्डात उतरायचे; भिजलेले, चिखलाच्या पायांनी, हातात ओल्या केळीच्या पानात गुंडाळलेली मल्लिगे, म्हणजे मोगरा. रोग्याच्या कपाळाला कुंकू, केसात गजरा, आणि उरलेली फुलं पाण्याच्या पेल्यात. डॉक्टरांनी फुलं बंद केली. वॉर्डातल्या बायका माझ्यावर रुसल्या, कारण पेले मी उचलले. हेड सिस्टरचा चोर म्हणजे फरशी पुसणारी बाई. तिचं म्हणणं, ती बाई एकाच बादलीत संडास आणि वॉर्ड दोन्ही उरकते. मी दोन सकाळी मागे फिरले. बाई बादल्या वेगळ्या ठेवत होती. आणि भावजींचा चोर म्हणजे दृष्ट.

"तिच्या हाताला यश आहे म्हणून लोकांच्या डोळ्यांत येते," ते म्हणाले. "बैलकुप्प्याच्या वाटेवर एक नाटी, गावठी वैद्य आहे. झाडपाल्याचा लेप लावतो. माझ्या ओळखीच्याचा हात त्यानंच बसवला."

"हात पिकला होता का?"

"नाही. मोडला होता."

"मग वेगळी गोष्ट आहे भावजी. हिचं हाड बसलंय. पिकलंय ते मांस."

"तुम्ही शोधून काढा म्हणजे झालं," ते जरा तुटकपणे म्हणाले. "नाहीतर रविवारी गाडी सांगतो. तुमचं हॉस्पिटल मोठं असेल, पण इथे आल्यावर बिघडलं ना?"

बिघडलं होतं ते इथेच.

नळांचे रिपोर्ट आले. एकाही नळात तो जंतू नव्हता. बेसिनच्या भोकात काही सापडलं, पण ते दुसऱ्याच जातीचं. सलाईनच्या बाटल्या स्वच्छ होत्या. फुलांचे पेले मी फेकून झाल्यावर आणखी एका बाईची जखम पाझरली, म्हणजे डॉक्टरांचा चोरही सुटला. मी हेड सिस्टरला विचारलं, ड्रेसिंग कसं करता. तिनं जे सांगितलं ते आमच्या नियमपुस्तकात लिहिलंय तसंच होतं, शब्दाला शब्द. तिच्यावर अविश्वास ठेवायचं काहीच कारण नव्हतं. कडक बाई. तिची ट्रॉली म्हणजे आरसा. नवीन मुलींना ती ट्रॉलीच्या स्टीलमध्ये तोंड बघायला लावायची, दिसलं नाही तर पुन्हा पुसायला लावायची.

एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे. "कसं करता?" असं विचारलं की माणूस काय करायला हवं ते सांगतो. तो खोटं बोलत नाही. रोज हातानं जे होतं ते त्याला दिसतच नाही, आपल्याला आपली चाल दिसत नाही तसं. म्हणून विचारणं बंद करायचं आणि बघत बसायचं. कंटाळवाणं काम आहे. एक स्टूल घ्यायचं, कोपऱ्यात बसायचं, आणि लोक आपल्याला विसरेपर्यंत गप्प राहायचं. नवीन मुली पहिला अर्धा तास फार सुंदर हात धुतात. नंतर विसरतात.

त्यानंतरच्या मंगळवारी मी ड्रेसिंगच्या खोलीत स्टूल टाकलं.

ट्रॉलीवर एक उंच, जेमतेम हात आत जाईल एवढ्या तोंडाची स्टीलची बरणी असते. तिच्यात पिवळसर जंतुनाशक भरलेलं असतं आणि त्यात एक लांब चिमटा उभा. डब्यातून निर्जंतुक गॉज, कापूस काढायचा तो या चिमट्यानं, हातानं नाही. म्हणजे वॉर्डातल्या प्रत्येक जखमेवर जाणारं प्रत्येक गॉज आधी या चिमट्याच्या तोंडातून जातं. बरणी रोज सकाळी रिकामी करायची, धुवायची, वाफेच्या भांड्यात निर्जंतुक करून ताजं द्रावण भरायचं, हा नियम. हेड सिस्टरनं मला तो म्हणून दाखवला होता.

सकाळच्या पाळीची मुलगी आली. हात धुतले. मास्क लावला. चिमटा काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवला. बरणी उचलली, बेसिनवर तिरपी केली, पिवळं पाणी ओतलं. आणि शेवटचा थोडा भाग उरला असताना मनगट हलकेच उलटं वळवून बरणी सरळ केली. मग बाटलीतलं नवं द्रावण त्यावर ओतलं, चिमटा परत उभा केला, बाहेरून बरणी पुसून लखलखीत केली.

ते मनगट वळवणं मी ओळखलं. ते माझंच होतं. माझ्या आईचं, सासूचं, अक्काचं. तांदळाचा डबा भरायला काढताना आमच्यापैकी कुणीही तो पालथा करत नाही. मूठभर तांदूळ मागे ठेवायचे आणि नवे त्यावर ओतायचे. मिठाचं तेच, हळदीचं तेच, कुंकवाच्या करंड्याचं तेच. भांडं कोरडं ठण्ण झालं की घरातलं काहीतरी जातं. हे कुणी शिकवत नाही आणि कुणी विसरतही नाही. मराठी घरात तसं, कन्नड घरातही तसंच. मंगळवारी आणि शुक्रवारी तर बोलायलाच नको.

"सगळं ओत," मी म्हटलं.

मुलगी दचकली. ती मला विसरली होती. "ओतलं की मॅडम."

"तळाशी राहिलंय."

"तेवढंच. तेवढं राहू दे ना मॅडम. मंगळवार आहे."

"काल सोमवार होता. काल सगळं ओतलंस?"

ती विचारात पडली. खरंच आठवायचा प्रयत्न केला तिनं. "नाही," ती म्हणाली. "सगळं कोण ओततं? सुम्ने, उगाच रिकामं कशाला ठेवायचं भांडं?"

"आणि वाफेत घालायला कधी पाठवता?"

"पाठवतो. पण ती परत येईपर्यंत ट्रॉलीवर काय ठेवणार? म्हणून सणाच्या आधी साफसफाई असते तेव्हा पाठवतो."

मी हातमोजा चढवला, बरणीतलं सगळं एका स्वच्छ बाटलीत ओतून घेतलं आणि आत बोट घालून तळाशी फिरवलं. बाहेरून आरसा असलेली ती बरणी आतून बुळबुळीत होती, शेवाळलेल्या हौदासारखी. जंतुनाशक ताजं आणि योग्य प्रमाणात असलं की जंतू मरतात. पण रोज उरलेल्यात नवं मिसळत गेलं की त्याचा जोर उतरतो, आणि तळाच्या थरात जे टिकतात ते त्याच्यातच राहायला शिकतात. मग जंतू मारायचं पाणी हेच त्यांचं घर होतं. आणि तिथून दिवसभर चिमट्याला लागून ते एकेका जखमेवर उतरतात.

लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी नमुना लावला. रिपोर्ट यायला वेळ लागतो. तोपर्यंत मी थांबले नाही, बरणी उचलून नेली आणि वॉर्डाला दुसरी दिली. रिपोर्टनं नंतर जे सांगितलं ते माझ्या बोटानं आधीच सांगितलं होतं. तोच जंतू.

हेड सिस्टरला मी तिच्याच खोलीत, दार लावून सांगितलं. ती उभी होती, ती बसली.

"माझ्या वॉर्डात?"

"तुमच्या वॉर्डात."

"मी रोज बघते ती बरणी. रोज!"

"बाहेरून बघता. स्टीलची आहे, आतलं दिसत नाही."

मग तिच्या आवाजाला धार आली. "तुम्ही काय म्हणता, आम्ही अडाणी बायका आहोत? अंधश्रद्धा म्हणून लिहिणार रिपोर्टात?"

"मी लिहिणार आहे की बरणी पूर्ण रिकामी न करता भरली जात होती. का, ते लिहायची गरज नाही. माझ्या घरी तांदळाचा डबा बघायला या, तळाशी मूठभर सापडतील."

"मग?"

"मग काही नाही. तांदूळ शिजतात. हे पाणी कच्चंच जखमेवर जातं."

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. रडत नव्हती, विचार करायची तिची ती पद्धत होती. मग म्हणाली, "मुलींना रागावून उपयोग नाही. आज ऐकतील, तुमची पाठ वळली की हात आपसूक वळेल. माझाच वळेल." आणि थोड्या वेळानं, "दोन बरण्या द्या. भरलेली, वाफेतून आलेली बरणी आधी ट्रॉलीवर ठेवायची. मग जुनी उचलायची आणि बाहेर नेऊन काय ओतायचं ते ओता. ट्रॉली रिकामी दिसली नाही की कुणाचा हात अडणार नाही."

मी नियम लिहिणारी बाई. मी 'पूर्ण रिकामी करावी' असं ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवलं असतं आणि पुढच्या मंगळवारी तेच झालं असतं. मी दोन बरण्या मंजूर करून घेतल्या. पुढे द्रावणच बंद केलं. चिमटा कोरड्या निर्जंतुक बरणीत ठेवायचा आणि पाळीपाळीला बदलायचा, हे जास्त सुरक्षित. तेव्हा कोरडी बरणी बघून मुलींची तोंडं उतरली होती. तळाशी गॉजची घडी ठेवायची असते, चिमट्याचं टोक बोथट होऊ नये म्हणून. ती बघितल्यावर निवळल्या.

राहिली अक्का. मोठ्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "कारण सापडलं, दूर केलं, एवढं सांगा. बरणी-बिरणी नको. घरचे लोक आहेत तुमचे, पण उद्या दहा तोंडी होईल." त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. हॉस्पिटल चालवायचं असतं. पण अक्काला पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जायचं होतं, आणि रविवारची गाडी भावजींच्या डोक्यात होती. अर्धवट सांगितलेल्या गोष्टीवर माणूस पाय कसा सोपवेल?

मी गेले तेव्हा ती आडवी पडून शेजारच्या खाटेवरच्या पोरीच्या ब्लाउजची फिटिंग नुसत्या नजरेनं दुरुस्त करत होती. "पाठीत ओढतोय तो. खांदा अर्धा इंच सोडायला सांग," असं तिला सांगून माझ्याकडे वळली. भावजी पायाशी बसले होते.

"सापडला म्हणे तुझा चोर," अक्का म्हणाली.

"सापडला."

"कोण? फुलं?"

"नाही. आमचीच बरणी. ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरची. त्यातला चिमटा ज्या गॉजला लागायचा ते गॉज तुझ्या जखमेवर जायचं."

भावजी उठून उभे राहिले. "म्हणजे हॉस्पिटलनंच केलं!"

"हो भावजी."

"आणि तुम्ही तोंड वर करून सांगता?"

"खाली घालून सांगितलं तर पाय लवकर बरा होणार आहे का?"

"अय्यो, बसा हो तुम्ही," अक्का त्यांना म्हणाली. मग मला, "बरणी धूत नव्हत्या?"

"बाहेरून धुवायच्या. आतून थोडं राहू द्यायच्या आणि त्यावर नवं ओतायच्या. खाली करायची नाही म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून एकेक डबा सरकताना मला दिसत होता.

"मी पण तसंच केलं असतं," ती शेवटी म्हणाली. "मला तिथे उभी केली असती तर मी पण तसंच केलं असतं. आता राग कुणावर काढू मी?"

"माझ्यावर काढ. मीच आणलं तुला इथे."

"तुझ्यावर आधीपासूनच आहे. तो वेगळा." तिनं चादर सारखी केली. "आता ती बरणी कुठे आहे?"

"लॅबमध्ये. इथे नवीन आहे. दोन आहेत. सकाळी मी स्वतः बघितल्या."

"उसवून परत शिवणार म्हणजे."

"आतून धुऊन परत शिवणार. आणि प्लेट राहील असं लेखी कुणी देणार नाही. डॉक्टर प्रयत्न करतील. नाही जमलं तर चौकट लागेल."

"आपण वैद्याकडे जाऊ," भावजी म्हणाले. आवाजात आता पहिला जोर नव्हता. "यांच्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

"वैद्याची बरणी कोण बघणार?" अक्का म्हणाली. "ही बाई निदान आत बोट घालून बघते. लेप कशात कालवतो, माहीत आहे तुम्हाला?"

भावजी तिच्या पायाशी परत बसले.

"शिवण बिघडली म्हणून मशीन बदलत नाही मी," ती म्हणाली. "सुई बदलते. इथेच करा." मग माझा हात धरून जवळ ओढलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "असं फक्त याच वॉर्डात करतात का गं? बाकीकडेही आमच्यासारख्याच बायका आहेत ना?"

मी म्हटलं, "बघते." खरं म्हणजे तो विचार मला आधी यायला हवा होता. अक्काच्या पायापलीकडे माझं डोकं त्या दिवसांत चाललंच नव्हतं.

ऑपरेशन शुक्रवारी झालं. आषाढाचा शुक्रवार म्हणून घरच्या कुणीतरी कुरकूर केली. अक्कानं ऐकून घेतलं नाही. पाय राहिला का, हे इथेच सांगून टाकते, उगाच ताटकळत ठेवत नाही. जखम आतून धुतली, मेलेलं मांस काढलं, प्लेट घट्ट होती म्हणून ठेवली. त्या जंतूवर औषध चाललं, हे आमचं नशीब. नेहमी चालतंच असं नाही, आणि त्या वॉर्डातल्या एका बाईची प्लेट काढावीच लागली. तिला मी अजून विसरलेले नाही. अक्काचा पाय घोट्यात थोडा ताठ राहिला. ती पायटा आता डाव्या पायानं जास्त दाबते. मशीनला मोटर बसव म्हणून मुलं मागे लागली, पण तिनं बसवू दिली नाही. दसऱ्याच्या आधी तिच्या दारात बायका भांडतात, त्यात फरक पडलेला नाही.

पण मी सांगत होते तो शुक्रवार. संध्याकाळी तिला वॉर्डात आणलं. शुद्धीवर येताच तिनं पहिलं काय विचारलं तर "टाके कुणी घातले?" मोठ्या डॉक्टरांनीच, असं सांगितल्यावर "बरं," म्हणून डोळे मिटले. भावजी व्हरांड्यात बसले होते. मी त्यांच्यासाठी कॉफी आणली. त्यांनी ती घेतली, आणि पेला परत देताना म्हणाले, "गाडीवाल्याला नको म्हणून सांगितलं." त्यापलीकडे आम्ही त्या विषयावर कधी बोललो नाही.

शनिवारी सकाळी मी अक्काच्या खाटेकडे गेले नाही. तिच्याजवळ हेड सिस्टर होती आणि ती माझ्यापेक्षा कडक होती. मी थेट बाळंतिणींच्या वॉर्डात गेले. तिथल्या सिस्टरनं मला बघून सवयीनं हात धुतले.

"चिमट्याची बरणी बघायची आहे," मी म्हटलं.

"आमची अगदी स्वच्छ आहे मॅडम. बघा, चेहरा दिसतो."

"दिसतोय." मी हातमोजा चढवला, बरणी बाटलीवर पालथी धरली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तशीच धरून ठेवली. त्या सिस्टरचा हात नकळत पुढे आला आणि मधेच थांबला. मग मी बोट आत घालून तळाशी फिरवलं, बाटलीवर वॉर्डाचं नाव लिहिलं आणि तिला म्हटलं, "दुसरी बरणी आधी आणा. ही मी घेऊन जाते."